अधिवेशनाचा हिशेब बिंदू चौकात द्या : कोल्हापूरच्या आमदारांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातून विधानसभेवर गेलेले दहा सन्माननीय सदस्य आणि विधान परिषदेत आमच्या वतीनं बसणारे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी करवीर तालुक्यात राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक. एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. राज्यशासनाचा धडा दरवर्षी यायचा. विधानसभा २८८, विधान परिषद ७८, अधिवेशनं तीन, हिवाळी नागपूरला. मुलं पाठ करायची, पेपरात लिहायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, "सर, आपले आमदार तिथं जाऊन काय विचारत्यात?" मी म्हटलं, उद्या सांगतो. त्या रात्री घरातले जुने पेपर चाळले, ओळखीच्या दोन कार्यकर्त्यांना गाठलं. एक म्हणाला, "साहेबांनी आपल्या गावाला निधी दिलाय की." दुसऱ्यानंही निधीचाच आकडा सांगितला. पोराच्या प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी पुढचा धडा सुरू केला. ते पोरगं आता चाळिशीला आलं असेल. त्याचं उत्तर माझ्याकडं अजून थकलेलं आहे.

लिहायला निमित्त झालं एका पुस्तिकेचं. काही महिन्यांपूर्वी पेपराच्या घडीतून एका लोकप्रतिनिधींचा कार्यअहवाल घरी आला. नाव लिहीत नाही, कारण अशा पुस्तिका मी वेगवेगळ्या पक्षांच्या बघितल्यात आणि सगळ्या एकाच साच्यातल्या होत्या. गुळगुळीत कागद, पानापानावर फोटो. रस्त्याचं भूमिपूजन, सभामंडप, हायमास्ट दिवा, तालमीला दिलेलं साहित्य, कुणाच्या ऑपरेशनसाठी मिळवलेली मदत. मी चष्मा पुसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच गोष्ट शोधली. या सदस्यानं सभागृहात कोणता प्रश्न मांडला? कुठल्या विधेयकावर बोलले? कशाच्या बाजूनं हात वर केला आणि कशाच्या विरोधात? त्यातली एकही ओळ त्या पुस्तिकेत नव्हती.

रस्ता झाला, दिवा लागला, याचं मोल मी कमी करत नाही. आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटींचा निधी मिळतो, तो आमचाच पैसा आहे आणि तो गावात यायलाच हवा. पण दिव्यासाठी ग्रामपंचायत आहे, रस्त्यासाठी जिल्हा परिषद आहे, बांधकाम खातं आहे. राज्याचा कायदा करायला, मंत्र्याला उभं करून जाब विचारायला आणि अर्थसंकल्पाच्या एखाद्या मागणीला कपात सूचना, म्हणजे ती रक्कम कमी करा असा प्रस्ताव, द्यायला तुमच्याशिवाय आमचं कुणी नाही. आम्ही मत देतो ते मुळात या कामासाठी, आणि नेमक्या याच कामाचा हिशेब आम्हाला कुणी देत नाही.

या शहरानं एक असा आमदार बघितला आहे, ज्यांचं नाव निघालं की लोक गटारी-रस्त्यांची आठवण सांगत नाहीत, भाषणांची आणि मोर्चांची सांगतात. प्राध्यापक एन. डी. पाटील. तुमच्यातल्या प्रत्येकानं त्यांच्या फोटोला कधी ना कधी हार घातला असेल. आज मला त्या फोटोमागच्या कामाबद्दल बोलायचं आहे.

नारायण ज्ञानदेव पाटील. जन्म १५ जुलै १९२९, वाळवा तालुक्यातलं ढवळी. शेतकऱ्याचं घर. १९४८ साली, म्हणजे एकोणीस वर्षांचे असताना, ते शेतकरी कामगार पक्षात आले. पक्ष तेव्हा वर्षभराचा होता. केशवराव जेधे, शंकरराव मोरे अशी मोठी माणसं काँग्रेसमधून बाहेर पडून त्यांनी तो काढला होता. पुढं पन्नाशीच्या दशकात यातली कितीतरी माणसं, खुद्द जेधे आणि मोरेसुद्धा, काँग्रेसमध्ये परत गेली. ज्यांच्याकडं बघून तरणी पोरं पक्षात आली, तेच निघून गेले. त्या वेळी पंचविशीतल्या एन. डीं.ना वाट मोकळी होती. शिकलेला, बोलणारा, शेतकऱ्याचा मुलगा कुठल्याही पक्षाला हवाच होता. ते जिथं होते तिथंच राहिले, आणि २०२२ साली गेले तेव्हाही त्याच पक्षाचे होते. चौऱ्याहत्तर वर्षं एकच लाल बावटा.

सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तिथं 'कमवा आणि शिका' सुरू केलं होतं, त्या योजनेचं काम एन. डीं.नी सांभाळलं. १९५७ मध्ये ते मुंबईत गिरणी कामगार युनियनचं काम करायला गेले. १९६० साली इस्लामपूरच्या कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि त्याच साली विधान परिषदेचे सदस्य. महाराष्ट्र राज्य त्याच वर्षी १ मे रोजी जन्माला आलं होतं आणि या सदस्यानं नुकती तिशी गाठली होती. परिषदेवर जायला वयाची अटच तीस वर्षांची.

१९६० ते ६६, १९७० ते ७६, १९७६ ते ८२. अठरा वर्षं वरच्या सभागृहात. नंतर १९८५ ते ९० कोल्हापूर शहराचे आमदार म्हणून विधानसभेत. दोन्ही मिळून तेवीस वर्षं. यातली मंत्रिपदाची अगदी थोडी. १९७८ साली शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं, त्यात एन. डी. सहकार मंत्री होते, आणि ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये गेलं. बाकी सगळा काळ विरोधी बाकांवर गेला. ना खातं हातात, ना निधी, ना बदल्यांचा अधिकार. मग या माणसानं तिथं केलं काय?

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ज्याला अर्धं पान मिळतं, ते काम केलं. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकायचा, उत्तर आलं की उपप्रश्न विचारायचा. उत्तर गुळमुळीत असलं तर अर्ध्या तासाची चर्चा मागायची. तातडीचं असेल तर लक्षवेधी सूचना. अर्थसंकल्पाचे खंड वाचून आकड्यांवर बोलायचं. ज्यांनी त्यांना ऐकलं आहे त्यांना ठाऊक आहे, एन. डीं.चं भाषण म्हणजे आकड्यांची रास असायची, आणि तरीही चौकात उभा असलेला हमालसुद्धा शेवटपर्यंत हलायचा नाही. शेतमालाचा भाव, कारखान्याची उचल, विजेचा दर, शाळेचं अनुदान. ते आकडा आधी आपल्या ताटात आणून ठेवायचे आणि मग सरकारच्या कागदात दाखवायचे. अर्थशास्त्र शिकवलेला माणूस होता, ते शिकवणं त्यांनी कधी सोडलंच नाही.

त्या सभागृहाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. एन. डी. परिषदेत होते त्यातला बराच काळ सभापतींच्या खुर्चीवर वि. स. पागे होते, सांगली जिल्ह्यातलेच. पागे १९६० ते १९७८ सभापती होते. रोजगार हमी योजनेची कल्पना त्यांची. मागेल त्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, हा विचार एका सभापतीनं मांडला. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना त्यातून काम मिळालं, १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढं २००५ साली देशानं रोजगाराचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राच्या या कायद्याचा आधार होताच. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला एक माणूस विधिमंडळात बसून विचार करतो आणि देशभरातल्या मजुराच्या घरात पगार जातो. आमदारकीची ताकद एवढी मोठी आहे. म्हणूनच ती हायमास्ट दिव्याच्या खांबाला बांधून ठेवलेली बघवत नाही.

एन. डी. कोल्हापूरचे आमदार झाले ते वर्ष १९८५. त्याच वर्षी संसदेनं घटनेची बावन्नावी दुरुस्ती करून पक्षांतरबंदीचा कायदा आणला, दहावं परिशिष्ट. कायदा आला तेव्हा त्यात एक वाट होती, एकतृतीयांश सदस्य फुटले तर ते पक्षांतर धरलं जायचं नाही. २००३ साली ती वाट बंद झाली. आता विलीनीकरणाची आणि दोनतृतीयांशांची भाषा उरली आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये या राज्यात काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलंत. तुमच्यातल्या काही जणांनी गेल्या काही वर्षांत कुठला झेंडा कधी उचलला, याची यादी मी इथं देणार नाही, ती सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे. प्रत्येकाची आपली कारणं असतील. मला एवढंच विचारायचं आहे, ती कारणं तुम्ही मतदारांसमोर उभं राहून कधी सांगितलीत का? "विकासासाठी गेलो" या दोन शब्दांपलीकडं काही?

एन. डी. १९६९ ते ७८ आणि पुन्हा १९८५ ते २०१० पक्षाचे सरचिटणीस होते. चौतीस वर्षं. या काळात पक्ष वाढला असं म्हणता येणार नाही, तो आक्रसत गेला. एके काळी कोल्हापुरात भिंतीभिंतीवर गेरूनं काढलेला खटारा, म्हणजे पक्षाचं निवडणूक चिन्ह, दिसायचा. त्र्यं. सी. कारखानीसांसारखा आमदार या शहरानं त्याच पक्षातून दिला. १९७७ साली दाजीबा देसाई त्याच पक्षाचे खासदार म्हणून कोल्हापुरातून लोकसभेत गेले. आज विधानसभेत त्या पक्षाचा एक सदस्य आहे, तोही सांगोल्याचा. सरचिटणीस म्हणून एन. डीं.ना हे आकुंचन थांबवता आलं नाही, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यानंही मान्य करायला हवं. संघटनेत पुढची पिढी उभी करण्यात पक्ष कमी पडला. पण मला जास्त बोचतं ते आमचं वागणं. आम्ही त्यांच्या सभेला जमलो, टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले आणि मतदानाच्या दिवशी वेगळं बटण दाबलं. "माणूस चांगला, पण निवडून येऊन करणार काय?" हे वाक्य मी स्वतःच्या घरात ऐकलं आहे. त्या वेळी मी गप्प बसलो, त्याची खंत आहे. तुम्ही आज जसे आहात त्यात आमच्या त्या वाक्याचाही वाटा आहे, हे मी कबूल करतो.

तरी निवडून न येता त्यांनी काय केलं ते बघा. १९९० नंतर ते कुठल्याच सभागृहात नव्हते. नव्वदीच्या दशकात एन्रॉनचा वीज प्रकल्प दाभोळला आला. त्या विजेच्या दराचं गणित महाराष्ट्राला बुडवणारं आहे, हे सांगत ते कोकणात फिरले, अटक करून घेतली. तो करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार होते, म्हणजे एन. डीं.च्या पत्नी सरोजताई माईंचे सख्खे भाऊ, एन. डीं.चे मेहुणे. नातं घरात राहिलं आणि विरोध रस्त्यावर. त्यात कधी कुणाला दोन्ही बाजूंनी काही लपवावं लागलं नाही. पुढं रायगड जिल्ह्यात महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायचं ठरलं तेव्हा तेच. वयाची ऐंशी जवळ आलेली, आणि हा माणूस पेणच्या गावागावांत. २००८ साली सरकारला २२ गावांत लोकांचं मत अजमावावं लागलं. शेतकऱ्याला "तुला हवंय का?" असं विचारायला लावणं, हा आमदार नसलेल्या माणसानं मिळवलेला विजय होता.

आणि टोल. हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातले कितीतरी त्या मोर्चांत होते. शहरातल्या सुमारे २२० कोटींच्या रस्त्यांसाठी ३० वर्षं टोल द्यायचा, असा तो करार. त्यावर महापालिकेचीही सही होती. म्हणजे आमच्याच निवडून दिलेल्या माणसांसमोर तो कागद आला होता. तो नीट वाचला असता, चार प्रश्न विचारले असते, तर पुढची चार-पाच वर्षं शहर रस्त्यावर उतरलंच नसतं. शेवटी तो कागद वाचून लोकांना समजावून सांगायचं काम चौऱ्याऐंशी वर्षांच्या एन. डीं.वर आणि कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांवर आलं. मी त्या मोर्चात चाललो आहे. गांधी मैदानापासून निघालेली ती गर्दी आठवते. पेठांतले तालमीचे पैलवान, रिक्षावाले, भाजीवाल्या बायका, वकील, व्यापारी, आणि पुढं गाडीत बसलेले एन. डी. चालता येत नव्हतं म्हणून गाडीत. बोलायला लागले की आवाज मात्र तोच. पानसरे अण्णांवर फेब्रुवारी २०१५ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला, तो दिवस बघायला ते नव्हते. त्याआधी ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. दाभोलकर गेले होते. ज्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम दाभोलकर करत, तिचे अध्यक्ष एन. डी. होते. जादूटोणाविरोधी विधेयक विधिमंडळात वर्षानुवर्षं पडून होतं, डॉक्टरांच्या खुनानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. एक माणूस मरावा लागला तेव्हा सभागृहाला वेळ मिळाला. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो.

रयत शिक्षण संस्थेचे ते १९९० ते २००८ असे अठरा वर्षं चेअरमन होते. त्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी रयतेच्या वसतिगृहात राहून शिकलेला आहे, माझ्या हातून ते फार लांबेल. एवढंच सांगतो, कर्मवीरांचं जन्मगाव कुंभोज आपल्याच जिल्ह्यात आहे आणि त्या माणसानं लावलेलं झाड सांभाळायला एन. डीं.सारखा राखणदार मिळाला, हे आम्हा गरीब घरच्या पोरांचं भाग्य.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न तर त्यांनी श्वासासारखा धरला. बेळगाव, खानापूर, निपाणी हे त्यांना आपल्या शिवारासारखे होते. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात मराठी माणसांवर गोळीबार झाला, तेव्हापासून सीमाभाग तो दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळतो. एन. डी. गेले तोही १७ जानेवारी, २०२२ चा. कोरोनाचे निर्बंध होते. ज्या माणसाच्या अंत्ययात्रेला सगळं कोल्हापूर लोटलं असतं, त्याला मोजक्या माणसांत निरोप द्यावा लागला. आम्ही घरात बसून टीव्हीवर बघितलं.

आता तुमच्याकडं येतो.

२०२४ च्या निवडणुकीत या जिल्ह्यातल्या दहाही जागा महायुतीच्या किंवा तिला पाठिंबा देणाऱ्या उमेदवारांना मिळाल्या. जनतेनं कौल दिला, तो मान्यच आहे. पण याचा अर्थ असा, की चंदगडपासून शिरोळपर्यंत आणि शाहूवाडीपासून इचलकरंजीपर्यंत, विधानसभेत आमच्या जिल्ह्याकडून विरोधी बाकावर एकही माणूस नाही. मग सरकारला अडचणीचा प्रश्न कोण विचारणार? तुम्हीच. सत्ताधारी सदस्यानं मंत्र्याला प्रश्न विचारू नये असा कुठला नियम नाही. उलट सरकार तुमचं आहे म्हणून तुमच्या प्रश्नाला जास्त वजन आहे.

आणि प्रश्न थोडे नाहीत. कर्नाटक कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायच्या तयारीत आहे. २०१९ आणि २०२१ चा महापूर आम्ही अंगावर घेतलेला आहे. आंबेवाडी, चिखलीची माणसं सामान बांधून ठेवतात पावसाळा लागला की. या उंचीबद्दल सभागृहात आपल्या जिल्ह्यानं काय मांडलं? पवनार ते पत्रादेवी असा ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग बारा जिल्ह्यांतून काढायचं ठरलं, आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला, तुमच्यातल्या काहींनी त्यांच्या व्यासपीठावर येऊन भाषणं केली. ती भाषणं मी ऐकली. सभागृहातलं तुमचं भाषण कुठं ऐकू? पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच दर वर्षा-दोन वर्षांनी पेपरात छापून येतो. त्यावर किती प्रश्न विचारले गेले, मंत्र्यांनी काय आश्वासन दिलं, त्या आश्वासनाचं पुढं काय झालं? आश्वासन समिती नावाची एक समिती विधिमंडळात आहे, हे मी मुलांना शिकवलं आहे. तिच्यासमोर पंचगंगा कधी गेली का?

कदाचित तुमच्यातल्या काहींनी यातलं बरंच केलंही असेल. तसं असेल तर मला आनंदच होईल. पण ते आमच्यापर्यंत येत नाही. वाढदिवसाचा फलक चौकात येतो, तो मात्र सकाळी उठल्या उठल्या दिसतो. एक सांगू का, तुमच्या फलकावर तुम्ही विचारलेला एखादा प्रश्न आणि मंत्र्यांचं उत्तर छापलंत ना, तर लोक थांबून वाचतील. आमचा कोल्हापूरचा माणूस राजकारण चहाच्या टपरीवर खरवडून खरवडून बोलतो. त्याला वाचायला द्या, तो वाचेल.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक अधिवेशन संपल्यावर बिंदू चौकात या. पक्ष कुठलाही असो, सगळे एकाच व्यासपीठावर. किती दिवस हजर होतो, कोणते प्रश्न टाकले, कोणते लागले, कुठल्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि का, हे प्रत्येकानं आपल्या तोंडानं सांगा. मग लोकांना विचारू द्या. एक तास, दोन तास. बिंदू चौकच का, तर तिथं महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. बाबासाहेब हयात असताना, ९ डिसेंबर १९५० ला, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं ते बसवले गेले. या चौकात खोटं बोलताना कुणाचाही आवाज थोडा अडखळेल, असा माझा विश्वास आहे. आणि एन. डीं.नी आपल्या आयुष्यातली कितीतरी भाषणं इथंच केली.

तालुक्यातल्या मतदारांना शहरात यायला जमणार नाही, तर चंदगडला चंदगडच्या बाजारात घ्या, गडहिंग्लजला गडहिंग्लजला. ते तुम्ही ठरवा.

दुसरं मागणं विधिमंडळाशी संबंधित आहे आणि ते तुमच्याशिवाय पुरं होणार नाही. एन. डीं.ची तेवीस वर्षांची भाषणं, प्रश्न, उपप्रश्न विधिमंडळाच्या कामकाजाच्या वृत्तांतांत विखुरलेले आहेत. ते खंड मुंबईत. इथल्या पोरानं ते बघायचे तर रजा काढून, परवानगी घेऊन जायचं. तुम्ही दहा-बारा जणांनी मिळून सभापती आणि अध्यक्षांना पत्र दिलंत, तर ते वेगळे काढून, सूची करून, शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालयात आणि करवीर नगर वाचन मंदिरात ठेवता येतील. विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं तेव्हाच्या पहिल्या कार्यकारिणीत एन. डी. होते, त्यामुळं विद्यापीठालाही हे काम परकं वाटायचं कारण नाही. पुतळ्याची मागणी मी करत नाही. पुतळा झाला तर नमस्कार करीन. पण माझ्यासारख्या मास्तरला नववीच्या वर्गात हातात धरून वाचून दाखवता येईल असं त्यांचं एखादं उपप्रश्नाचं पान मिळालं, तर ते मला जास्त हवं आहे. "आमदार तिथं जाऊन काय विचारत्यात?" या प्रश्नाला ते पुरेसं उत्तर होईल.

हिवाळी अधिवेशन डिसेंबरात संपतं. पहिल्या सभेसाठी १७ जानेवारी ही तारीख मी सुचवतो. संध्याकाळी पाच वाजता. त्या दिवशी सीमाभागातली माणसंही कोल्हापुरात येतात-जातात, त्यांनाही ऐकू द्या. पोलीस परवानगी, माइक आणि खुर्च्यांची व्यवस्था आम्ही काही निवृत्त शिक्षक मिळून करतो, त्याचा खर्च कुणाकडून घेणार नाही. व्यासपीठावर हार-तुरे नसतील, नावांच्या पाट्या असतील. जे येणार नाहीत त्यांचीही पाटी आणि खुर्ची मांडलेली असेल, उशिरा आलात तरी बसायला जागा असावी म्हणून.

येणार असाल तर डिसेंबरअखेर दोन ओळींचं पत्र पाठवा. वर्तमानपत्रातून कळवलंत तरी चालेल.

आपला नम्र,
नागरिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर